रुमालातली भांडणं

निवृत्त मास्तराच्या दारी फार कोणी येत नाही. पेपरवाला, दूधवाला आणि लग्नसराईत एखादा जुना विद्यार्थी पत्रिका घेऊन. पारोळ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवून मी मुलाकडे धुळ्याला, देवपुरात राहायला आलो तेव्हा माझंही असंच चाललं होतं. मला मोडी वाचता येते ही गोष्ट घरात कौतुकाची आणि बाहेर बिनकामाची होती. मग २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि माझ्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग दिसू लागला. कोणाच्या हातात जुन्या नोंदवहीची झेरॉक्स, कोणाच्या मोबाइलमध्ये जन्ममृत्यूच्या रजिस्टरचा तिरपा फोटो. मागणं एकच : ‘कुणबी लिहिलंय का, तेवढं बघा सर.’ तो शब्द पुष्कळदा पुरता लिहिलेलाही नसतो. कारकुनाने घाईत नुसतं ‘कु.’ ओढलेलं असतं. त्या एका अक्षरावर सगळं घर डोळे लावून बसलेलं असतं.

अशातच एक दिवस सोनगीरकडचे एक आप्पा आले. पंचाहत्तरीचे असतील. पिशवीतून त्यांनी मेणकापडाची गुंडाळी काढली, मेणकापडाच्या आत धोतराचं फडकं, फडक्याच्या आत चार घड्या घातलेला कागद. “मास्तर, हाई वाचा. आमना आजाना आजानी सनद शे.” त्यांच्या घरात चार पिढ्या असा समज होता, की ही चाळीस बिघे इनाम जमिनीची सनद आहे आणि कोणी वाचून दिली की कोर्टात उभं राहता येईल.

मोडी कागद वाचायची एक रीत असते. लिहिणारा आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघांना अक्षरं टांगत जाई. शब्द तोडायची पद्धत नाही. एक शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला, ते वाचणाऱ्याने बघायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून सरावलेला माणूस पहिल्या ओळीशी झुंजत बसत नाही, आधी साल शोधतो. आप्पांच्या कागदावर होतं ‘सन अर्बा मयातैन व अलफ’. हे अरबी आकडे. अर्बा म्हणजे चार, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले बाराशे चार. ह्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की आपला इसवी सन येतो. म्हणजे १८०३-०४.

बाकीचा कागद लागायला पाऊण तास गेला. (आम्ही मोडीवाले ‘कागद वाचला’ म्हणत नाही, ‘कागद लागला’ म्हणतो.) सनद नव्हतीच ती. गावातून लष्करासाठी गवत, कडबा आणि जोंधळा नेला, त्याची पावती होती. कोणाचं लष्कर, ते खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं असावं. तो कोपरा कसरीने खाल्लेला.

आप्पांचा चेहरा उतरला. “म्हंजे वावर नही?”

मी म्हटलं, “नाही आप्पा. वावरातलं पीक गेलं, त्याची ही पोच आहे.”

हे लिहितोय ते त्या पोचपावतीमुळे, आणि धुळ्यात देह ठेवलेल्या एका तऱ्हेवाईक माणसामुळे. असे कागद गोळा करण्यात त्याने हयात घालवली.

त्याआधी १८०३ साल. पेशवाईच्या शेवटी मराठ्यांच्या दौलतीत शिंदे आणि होळकर ही दोन घराणी एकमेकांच्या जिवावर उठली होती. १७९७ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेने दुसऱ्या मल्हारराव होळकरांना मारलं. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. त्यांचे भाऊ यशवंतराव १८०२ मध्ये त्याचा हिशेब मागायला पुण्यावर निघाले. २५ ऑक्टोबरला हडपसरजवळ त्यांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा मोड केला, बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह करून त्याने राज्याची चावीच त्यांच्या हाती दिली. पाठ्यपुस्तक इथून वसईकडे वळतं आणि वासाहतिक काळ सुरू करतं. आमचा खानदेश मात्र वाटेवर राहून जातो. होळकरांच्या फौजांनी हा मुलूख नागवला होता. मागोमाग १८०३ चा दुष्काळ आला. गावंच्या गावं उठली. महसुली भाषेत अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. मूळ शब्द बेचिराग, ज्या गावात दिवा लागत नाही ते.

धुळ्यातही दिवा लागत नव्हता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात नोंद आहे, की होळकरांची लूट आणि दुष्काळ यांनी हे गाव पार ओस पडलं. पुढल्या वर्षी बाळाजी बळवंत नावाच्या माणसाने ते पुन्हा वसवलं. लळिंग आणि सोनगीर हे परगणे विंचूरकरांकडे होते आणि हा बाळाजी त्यांचा माणूस. १८१८ मध्ये इंग्रज आले. कॅप्टन ब्रिग्ज यांनी इथंच जिल्ह्याचं ठाणं केलं आणि सरळ गल्ल्यांचं नवं गाव आखलं. आजही जुन्या धुळ्यात पत्ता सांगताना माणसं गल्लीचं नाव सांगत नाहीत, नंबर सांगतात. म्हणजे हे शहर एका मराठा सरदारामुळे ओस पडलं, दुसऱ्या मराठा सरदाराच्या माणसाने वसवलं आणि तिसऱ्याच कोणीतरी त्याला नंबर दिले. आणि होळकर काय, विंचूरकर काय, ही दोन्ही नावं त्याच्या चाळीस वर्षं आधी पानिपतावर होती.

आता तो माणूस. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा धुळ्यात मृत्यू झाला तो ३१ डिसेंबर १९२६ रोजी. वसईच्या तहाचीच तारीख. योगायोगाला अर्थ चिकटवू नये असं मी वर्गात बजावत आलो, पण ही तारीख माझ्या लक्षात राहिली ती त्यामुळेच, हे कबूल करतो.

राजवाडे मूळ कुलाब्याकडच्या वरसईचे, जन्म १८६३ चा. बी. ए. झाले, काही काळ शिकवलं. ऐन तरुणपणी पत्नी वारली, पुन्हा लग्न केलं नाही. त्यानंतर हा माणूस जो घराबाहेर पडला तो जवळजवळ पडलेलाच राहिला. स्वतःचं अन्न स्वतः शिजवायचं, गावोगाव फिरायचं, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर चढायचं आणि रुमाल उतरवायचे. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. देशमुख, कुलकर्णी, जोशी, सरदार, सावकार, ज्याच्या घरी कधीकाळी लिहिणं होतं त्याच्या घरी राजवाडे. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड निघाला. असे बावीस खंड त्यांनी काढले. पदरमोड आणि उसनवारी करून.

ही वणवण करायची गरज काय होती, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. पेशव्यांचं सरकारी दप्तर पुण्यातच होतं, पण ते सरकारच्या कुलपात. त्यातले निवडक कागद पुढे इतिहासकार सरदेसायांनी १९३० पासून पंचेचाळीस भागांत काढले, तोवर राजवाडे जाऊन चार वर्षं झाली होती. त्यामुळे त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, बखरींवर आणि इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासावर विसंबायचं. दोन, खासगी घरांत शिल्लक राहिलेला अस्सल कागद शोधायचा. घटनेच्या दिवशी, घटनेतल्या माणसाने लिहिलेलं साधं चिटोरं मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा वजनदार, हे त्यांनी मराठीत रुजवलं. जर्मनीत हा आग्रह रांके यांनी धरला तेव्हा त्यांच्यासाठी राजांच्या दप्तरखान्यांची दारं उघडत होती. राजवाड्यांपुढे वाण्याचं दुकान असे, जिथे हळदीच्या पुड्या त्या कागदांत बांधल्या जायच्या.

लोक कागद देत नसत. त्याला कारण होतं. १८५२ नंतर इनाम कमिशनने गावोगाव दाखले मागितले आणि ज्यांना ते देता आले नाहीत त्यांच्या जमिनी खालसा केल्या. त्या धसक्यातून दोन पिढ्या गेल्या तरी घरं बाहेर आली नव्हती. कागद दाखवला तर जमीन जाईल, ही एक भीती. कागद दुसऱ्याने वाचला तर जमीन त्याला मिळेल, ही दुसरी. आप्पांनी ती गुंडाळी माझ्या हातात दिली खरी, पण पाऊण तास तिचं एक टोक त्यांच्या चिमटीत होतं.

राजवाडे संतापी होते. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि पुढे स्वतःच काढलेल्या मंडळातून बाहेर पडले. अखेरीला धुळ्यात आले. इथे समर्थांच्या हस्तलिखितांची जुळणी करणारे शंकर श्रीकृष्ण देव होते, ‘महाराष्ट्रधर्म’ लिहिणारे भास्कर वामन भट होते. म्हाताऱ्याचा स्वभाव झेपणारी आणि कामाची किंमत कळणारी माणसं त्यांना इथं मिळाली. ते गेल्यावर काही दिवसांतच, १९२७ च्या जानेवारीत, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. त्यांचा धातुकोश १९३७ मध्ये ह्याच मंडळाने छापला.

मी पारोळ्याहून एसटीने पहिल्यांदा मंडळात आलो तो एका मुलामुळे. १९८९ ची गोष्ट. आठवीचा वर्ग. पानिपतात आपण का हरलो, हे मी नेहमीच्या ऐटीत सांगत होतो. अन्न तुटलं, बाजारबुणगे फार, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दुही. होळकर ऐन वेळी निघून गेले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. धनगराचा. वडील मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर. तो म्हणाला, “सर, होळकर पळी गया, हाई खरं शे का?” वर्ग हसला. तो हसला नाही. त्याच्या घरात अहिल्याबाईंची तसबीर होती, हे मला नंतर कळलं.

उत्तर मला येत नव्हतं. मी कुठून शिकलो तेच सांगत होतो, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांनी ते कुठून घेतलं, हे शोधत गेलं की वाट राजवाड्यांच्या पहिल्या खंडाशी येऊन थांबते. तो खंड १७५० ते १७६१ ह्या वर्षांच्या पत्रांचा आणि त्याची प्रस्तावना पानिपताच्या पराभवाची उलटतपासणी करणारी. पराभवाचं मोठं खापर राजवाड्यांनी दोघांच्या माथी फोडलं, मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले. मल्हाररावांवर आरोप असा, की १७५७ मध्ये दिल्लीत हाती लागलेला नजीबखान रोहिला त्यांनी सोडवला आणि पुढे त्याच नजीबाने अब्दालीला आणलं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव पडला, जयाप्पा शिंद्यांनी जाटांशी परस्पर तडजोड केली, तेव्हापासून शिंदे-होळकरांत जी तेढ पडली तिचाही हिशेब आहेच. गोविंदपंतांवर आरोप असा, की अंतर्वेदीतला वसूल आणि रसद त्यांनी पानिपतावरचे सेनापती सदाशिवरावभाऊंना वेळेवर पोचवली नाही.

प्रस्तावना वाचताना अंगावर काटा येतो. अशी धारदार मराठी त्याआधी इतिहासात कोणी लिहिली नव्हती. मग मी प्रस्तावना मिटली आणि पत्रं वाचायला घेतली. भाऊसाहेब गोविंदपंतांना लिहिताहेत. पैसा पाठवा. गल्ला पाठवा. अजून आला नाही. पत्रामागून पत्र. पाच-दहा वाचल्यावर आपणही गोविंदपंतांवर दात-ओठ खाऊ लागतो. विसावं पत्र वाचताना माझ्या ध्यानात आलं, की मी तगाद्याची पत्रं वाचतोय. तगाद्याच्या पत्रात समोरचा माणूस कधी निर्दोष असतो काय? ज्या माणसाची बाजू थोडकी शिल्लक आहे त्याच्यावर निकाल लागला होता. हे गोविंदपंत लढाईच्या महिनाभर आधी, डिसेंबर १७६० मध्ये, अब्दालीच्या रसदेच्या वाटा अडवताना मारले गेले. चोराने असं मरू नये.

होळकरांचं म्हणाल तर मल्हारराव मैदानातून निघाले हे खरं आहे. पण विठ्ठल शिवदेव विंचूरकरही निघाले आणि दमाजी गायकवाडही निघाले. त्याआधी ह्याच दोघांच्या स्वारांनी फौजेच्या गोल रचनेची शिस्त मोडून पुढे मुसंडी मारली आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफा झाकल्या गेल्या. विश्वासराव पडल्यावर, भाऊ दिसेनासे झाल्यावर जो निघू शकला तो निघाला. तिघांपैकी एकाचंच नाव ‘पळाला’ ह्या शब्दाला का चिकटलं, ह्याचं उत्तर १४ जानेवारी १७६१ मध्ये नाही. ते नंतर इतिहास कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, ह्यात आहे. पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला वर्गासमोर एवढंच सांगितलं, की तिघे निघाले होते आणि मी एकाचंच नाव घेतलं, ती माझी चूक. मास्तरकीत मी चुकलो असं म्हणायचे प्रसंग मला कमी आले. आले नाहीत असं नाही, मी ते टाळले.

दौलतीतली दुही शोधणाऱ्या राजवाड्यांच्या स्वतःच्या हातून दुही वाढली, हेही इथंच सांगून टाकतो. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या अहवालात त्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंवर एक निबंध लिहिला. स्वराज्याच्या लढवय्यांत आणि लेखणीबहाद्दरांत ज्यांची नावं पदोपदी येतात त्या जातीबद्दल त्यात जे लिहिलं होतं त्याने आग लागली. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून १९१८ मध्ये उत्तर दिलं. मंडळाला ‘उलट सलामी’ असं त्याला खुद्द प्रबोधनकारांनीच म्हटलं आहे. संतांनाही राजवाड्यांनी सोडलं नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठेशाहीच्या उदयाचं श्रेय संतांच्या शिकवणीला दिलं होतं. राजवाडे म्हणत, ह्या ‘संताळ्यां’नी समाज पंगू केला, सहिष्णू धर्माने राज्य येत नाही, ‘जयिष्णू’ धर्म लागतो आणि तो रामदासांनी सांगितला. मी वारकरी घरातला. माझे आजोबा हे ऐकून काय म्हणाले असते ते छापण्यासारखं नाही.

आणि तरीही ह्या माणसाला एका पक्षात घालता येत नाही. विवाहसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी लिहिलेले लेख आले तेव्हा सनातनी मंडळी त्यांच्यावरच तुटून पडली, कारण आपल्या पूर्वजांचे स्त्री-पुरुष संबंध कसे बदलत गेले ते त्यांनी आडपडदा न ठेवता ग्रंथांतून काढून मांडलं होतं. पुढे कॉम्रेड डांगे त्यांच्या आधारावर आदिम साम्यवादाचं पुस्तक लिहितात. ब्राह्मण्याचा अभिमान बाळगणारा माणूस कम्युनिस्टांच्या कामी येतो, ही राजवाड्यांची खरी गंमत.

धुळ्यात ह्या गमतीला आणखी एक पदर आहे. राजवाडे गेले त्याच्या वर्षभर आधी, १९२५ मध्ये, ह्याच गावात शरद पाटील जन्मले. कम्युनिस्ट म्हणून घडले, साक्री-नंदुरबारकडच्या आदिवासींच्या वनजमिनींसाठी लढले, आणि जातीचा प्रश्न पक्ष नीट धरत नाही म्हणून १९७८ मध्ये मार्क्सवादी पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. वर्गाइतकीच जात आणि स्त्रीदास्यही इतिहासाला हलवतं, हे त्यांचं म्हणणं. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हा त्यांचा ग्रंथ. शिवाजी महाराजांच्या स्वराज्याचे खरे शत्रू महंमदी की ब्राह्मणी, असा प्रश्न त्यांनी पुस्तकाच्या नावातच विचारला. राजवाडे आणि शरद पाटील एका खोलीत बसले असते तर पाचव्या मिनिटाला एक जण उठून गेला असता. पण दोघांची हत्यारं एकच होती. राजवाडे पाणिनीच्या सूत्रांत आणि धातूंत समाजाचा इतिहास शोधत, पाटलांनीही तेच केलं आणि त्यासाठी संस्कृत व्याकरण मुळातून अभ्यासलं. शब्दाची फोड करत खाली गेलं की तळाशी भांडण सापडतं, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं असतं. भांडण कोणाचं कोणाशी, तिथे वाटा फुटल्या. २०१४ मध्ये शरद पाटीलही धुळ्यातच गेले.

माझा कौल विचाराल तर राजवाड्यांचे निकाल मी बाजूला ठेवतो आणि कागद ठेवून घेतो. इतिहासकार शेजवलकरांनी पानिपतावर ग्रंथ लिहिला, १९४६ मध्ये इंग्रजीत, १९६१ मध्ये मराठीत. त्यासाठी ते स्वतः पानिपतच्या मैदानावर फिरून आले. पण राजवाड्यांच्या खंडांवाचून त्यांचंही पान हललं नसतं. राजवाड्यांना खोडून काढायचं झालं तरी राजवाड्यांनीच छापलेलं पत्र पुढे करावं लागतं. आपल्या निकालाविरुद्धचा पुरावा त्याच खंडात, जसाच्या तसा, कानामात्रा न बदलता छापणारा माणूस एरवी कितीही एककल्ली असो, तेवढ्यापुरता मी त्याला नमस्कार करतो.

त्यांचा एक सिद्धान्त मात्र आप्पांच्या कागदामुळे माझ्या डोक्यात पुन्हा घोळू लागला. १९२४ मध्ये राजवाड्यांनी ‘महिकावतीची बखर’ संपादित केली, उत्तर कोकणातली. तिच्या प्रस्तावनेत ते विचारतात, इतकी राज्यं आली आणि गेली, सामान्य माणूस हलला का नाही? त्यांचं उत्तर असं, की ह्या देशात अन्न मुबलक, गाव स्वयंपूर्ण, त्यामुळे वर कोण बसलाय ह्याच्याशी गावकऱ्याला देणंघेणं नव्हतं. राजकारण हा मूठभरांचा धंदा, बाकीचे उदासीन.

उदासीन होते हे मी मान्य करतो. कारण मात्र पटत नाही. १८०३ मध्ये सोनगीरच्या आसपास अन्न मुबलक नव्हतं, माणसं गाव सोडून चालली होती. तशात कोणीतरी घोडेस्वार आले, कडबा, गवत, जोंधळा उचलून घेऊन गेले आणि वर पावतीही दिली. कारकुनाचं अक्षर वळणदार आहे. साल अरबीत बिनचूक घातलंय. ते स्वार होळकरांचे असतील, शिंद्यांचे असतील, पेशव्यांचे असतील, विंचूरकरांचेही असतील. घोडा कोणाचाही असो, कडबा तेवढाच खातो. आप्पांच्या पणज्याच्या बापाला राज्य कोणाचं ह्याची पर्वा नसेल, तर ती पोट भरलं होतं म्हणून नव्हे. जो येई तो नेई, म्हणून. राजवाड्यांनी हजारो कागद पाहिले, पण त्यातले बहुतेक कागद घेणाऱ्यांच्या घरचे होते. देणाऱ्याच्या घरचा कागद टिकतच नाही. घर टिकलं तर कागद टिकणार. हा टिकला तो घरच्यांनी त्याला सनद समजून जपला म्हणून.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं नाही. त्यांनीच चहाचा कप खाली ठेवत विचारलं, “पन मास्तर, माल लई कोन गया?” मी फाटका कोपरा दाखवला. ते बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “म्हंजे वसुली बाकी शे.” आणि हसले. त्या घरात सव्वादोनशे वर्षांत ह्या कागदावर पहिल्यांदाच कोणी हसलं असेल.

कागद मी ठेवून घेतला नाही. फोटो काढला, खाली बाळबोधीत नक्कल लिहून दिली, आणि घडीवर घडी पुन्हा घालू नका, सपाट ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात गुंडाळा, एवढं सांगितलं. कोपऱ्याला सेलोटेप लावायला निघाले होते, तेवढं मात्र मी हात धरून थांबवलं. सेलोटेप दहा वर्षांत कागद जाळते.

खानदेशातल्या वाचकांना एक विनंती. जळगाव असो, धुळे असो, नंदुरबार असो, माळ्यावर, हडप्यात, देवघराच्या फळीवर असा एखादा रुमाल असेल तर त्यात ‘कु.’ सापडला नाही म्हणून रद्दीत घालू नका. आधी वाचून घ्या. धुळ्यात राजवाडे मंडळ आहे, गावोगाव अजून चार-दोन मोडीवाले आहेत. मी वाचायचे पैसे घेत नाही. चहा घेतो, बिनसाखरेचा.